निवृत्तीनंतरची सहल आणि रोजच्या गोळ्या

दिवाळी सरली की माझ्या कळमनुरीच्या दवाखान्यात एक ठरलेला प्रश्न यायला लागतो. "डॉक्टर, चार-सहा दिवस देवदर्शनाला चाललोय. काही होऊ नये म्हणून एखादी गोळी लिहून द्या." विचारणारे बहुतेक जण अठ्ठावन्न ते पासष्ट या वयातले. नुकतेच निवृत्त झालेले, ग्रॅच्युइटीचे पैसे हातात आलेले आणि पस्तीस वर्षं रजेचे अर्ज लिहून कंटाळलेले. काही होऊ नये अशी गोळी अजून निघालेली नाही, हे मी त्यांना हसून सांगतो. पण ज्या गोळ्या आधीपासून चालू आहेत, त्यांचं सहलीच्या दिवसांत काय करायचं, हे मात्र शंभरात एखादाच विचारतो.

हा प्रश्न का महत्त्वाचा? कारण तुमची रोजची गोळी तुमच्या रोजच्या दिवसावर बेतलेली असते. सकाळी सातला गोळी, साडेआठला नाश्ता, एकला जेवण, संडास-बाथरूम घरातच. डॉक्टर चिठ्ठी लिहितो तेव्हा त्याने हाच दिवस गृहीत धरलेला असतो. सहलीत तो दिवस राहत नाही. पहाटे उठायचं, दर्शन होईपर्यंत उपाशी राहायचं, मग मिळेल तिथे आणि मिळेल ते खायचं, तासन्‌तास गाडीत बसायचं. दिवस बदलला तरी गोळी मात्र तीच आणि त्याच वेळेला. नाही तर मग अजिबातच नाही.

जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात माझे तीन शाळासोबती असेच सहलीवर आले होते. एक जिल्हा परिषदेच्या शाळेतला मास्तर, एक तलाठी आणि एक एसटीचा ड्रायव्हर. तिघंही अठ्ठावन्न पूर्ण करून गेल्या वर्षभरात निवृत्त झालेले. मीही त्यांच्याच वयाचा, फक्त मला कोणी निवृत्त करत नाही. पुण्याहून निघून वेरूळचं घृष्णेश्वर करून ते इकडे आले होते. औंढा नागनाथ आणि नांदेडचा गुरुद्वारा करून परळी वैजनाथला जायचं, म्हणजे मराठवाड्यातली तिन्ही ज्योतिर्लिंगं एका फेरीत होतील, असा बेत. हिंगोली जिल्ह्यातला एक दिवस त्यांनी माझ्यासाठी राखून ठेवला होता. पुढे जे लिहितोय ते तिघांना विचारून, नावं गाळून लिहितोय. मास्तरने तर "माझं नाव टाकलंस तरी चालेल" असंही सांगितलं, पण ते राहू द्या.

रविवारी ओपीडी बंद ठेवली आणि आम्ही निघालो. गाडी तलाठ्याच्या मुलाची, चालवायला अर्थातच ड्रायव्हर. तीस वर्षं लाल गाडी हाकलेला माणूस दुसऱ्याच्या हातात स्टिअरिंग देत नाही. हिंगोलीच्या पुढे रस्त्याच्या दोन्ही बाजूंना हळद होती, पानं पिवळी पडून काढणीला आलेली. १९९९ च्या १ मे रोजी परभणीतून वेगळा झालेला हा आमचा लहानसा जिल्हा. बाहेरच्यांना तो ठाऊक असतो तो औंढ्यामुळे, आणि अलीकडे वसमतच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळाल्यापासून हळदीमुळेही.

औंढ्याला दहाच्या सुमारास पोहोचलो. तुम्ही गेला असाल तर ठाऊक असेल, खालचा भाग काळ्या दगडाचा, बाहेरच्या भिंतीवर मूर्तींच्या ओळीच्या ओळी. आवारात फिरताना मान दुखेपर्यंत बघत राहावं असं काम आहे. संत नामदेवांना विसोबा खेचर भेटले ती गोष्ट इथलीच. नामदेवांच्या कीर्तनासाठी देऊळच फिरलं, म्हणून नंदी मागच्या बाजूला राहिला, असं इथे सांगतात. पण आजच्या लेखासाठी महत्त्वाचं आहे ते इथलं गर्भगृह. ते जमिनीखाली आहे. अरुंद, उंच पायऱ्या वाकून उतरायच्या, खाली ठेंगण्या जागेत दाटीने बसायचं आणि तशाच पायऱ्या चढून वर यायचं. गर्दीच्या दिवशी खाली हवा कोंदट असते.

बीपीच्या किंवा प्रोस्टेटच्या गोळ्या घेणाऱ्यांना इथे एक सूचना, आत्ताच सांगून टाकतो. वाकून किंवा बसून झाल्यावर झटकन उभं राहू नका. या गोळ्यांनी उभं राहताना रक्तदाब क्षणभर खाली जातो, डोळ्यांपुढे अंधारी येते. पायरी धरून आठ-दहा सेकंद थांबा. मागचे ढकलतील, ढकलू द्या.

त्या दिवशी रविवारची रांग चांगलीच लांब होती. अकरा वाजून गेले. मास्तर माझ्या पुढे उभा होता. हा आयुष्यात कधी आवाज न चढवणारा माणूस, पोरांना छडी न मारता शिकवणारा. तो अचानक पुढच्या एका तरुणावर खेकसला. "रांग मोडायलास का? आम्ही काय येडे म्हणून थांबलोत?" त्या पोराने काहीही केलेलं नव्हतं. तलाठी हसायला लागला, "मास्तर तापला रे!" मी मास्तरच्या मानेकडे बघितलं. सावलीतली रांग, जानेवारीतली हवा आणि सदऱ्याची कॉलर घामाने ओली. हात धरला तर गार आणि थरथरता.

"सकाळी काय खाल्लंस?"

"दर्शन झाल्यावर."

"आणि शुगरची गोळी?"

"ती घेतली की सातला. तिचा नेम कधी चुकवत नाही मी."

माझ्या पिशवीत ग्लुकोमीटर होता. शुगर निघाली ५४. सत्तरच्या खाली गेली की आम्ही तिला कमी शुगर म्हणतो, आणि ५४ म्हणजे आणखी वाट बघण्यात अर्थ नाही. रांगेतून बाहेर काढून त्याला ओट्यावर बसवलं. तलाठ्याने समोरच्या चहावाल्याकडून अर्धा पेला पाण्यात चार चमचे साखर ढवळून आणली. पंधरा मिनिटांनी शुगर ८२. मास्तर स्वतःच म्हणाला, "त्या पोराला मी काय बोललो रे?" आणि त्याला शोधायला निघाला. त्याला खाली बसवून आधी दोन केळी आणि बिस्किटं खायला लावली. दर्शनाआधी खायला तो तयार नव्हता. "देवाला काय वाटेल?" म्हणाला. मी म्हटलं, देवाला काय वाटेल ते मला ठाऊक नाही, तुझ्या मेंदूला काय वाटेल ते ठाऊक आहे. शेवटी तलाठ्याने केळं हातात ठेवून "प्रसाद समज" म्हटलं, तेव्हा खाल्लं.

इथे थोडं थांबतो, कारण उपास आणि शुगरची गोळी ही जोडी मला महिन्यातून दोनदा तरी भेटते. मधुमेहाच्या सगळ्या गोळ्यांनी शुगर अशी कोसळत नाही. नुसती मेटफॉर्मिन असेल तर सहसा नाही. कोसळते ती इन्सुलिनने आणि स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावणाऱ्या गोळ्यांनी. ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड, ग्लिबेनक्लामाइड ही त्यांची नावं. तुमच्या पाकिटावर एकाच गोळीत दोन-तीन औषधं असू शकतात, तेव्हा पाकीट उलटं करून बारीक अक्षरं वाचा किंवा मुलाला वाचायला सांगा. यातलं एखादं नाव असेल तर नियम सोपा आहे: जेवण समोर आलं की गोळी. दर्शनानंतर खाणार असाल तर गोळीही दर्शनानंतर. डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन असेल तर प्रश्न वेगळा. त्या लघवीवाटे साखर आणि पाणी बाहेर काढतात, म्हणून पाणीही न पिता केलेल्या कडक उपासात त्या त्रास देऊ शकतात. असा उपास करायचा असेल तर आधी तुमच्या डॉक्टरांशी बोला.

कमी शुगरची लक्षणं म्हणजे घाम, थरथर, धडधड, भूक हे सगळ्यांना पाठ असतं. पण चिडणं, भलतंच बोलणं, गप्प होऊन बसणं हीसुद्धा लक्षणंच आहेत, आणि ती आजाऱ्याला कळत नाहीत, सोबत्याला कळतात. मेटोप्रोलॉलसारखी हृदयाची गोळी चालू असेल तर धडधड आणि थरथर दबून जाते, घाम तेवढा राहतो. अशा वेळी साखरेचं पाणी, ग्लुकोज पावडर, किंवा नेहमीचं साखरेचं सरबत द्या. पेढा नको, त्यातल्या खव्यामुळे साखर उशिरा चढते. खडीसाखर चालेल, पण चावून. पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा, अजून कमी असेल तर पुन्हा द्या, आणि वर आल्यावर काहीतरी पोटभरीचं खाऊ घाला, कारण या गोळ्यांचा अंमल बराच वेळ राहतो आणि शुगर पुन्हा खाली येऊ शकते. म्हणून मी मास्तरची शुगर त्या दिवशी आणखी तीनदा तपासली. माणूस गुंगीत किंवा बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नका. कुशीवर वळवा आणि १०८ ला फोन लावा.

या सगळ्या गडबडीत ड्रायव्हर कुठे होता? गाडीपाशी. पोहोचल्यावरच म्हणाला होता, "तुम्ही या जाऊन. पार्किंगची जागा बरी नाही, मी थांबतो." जागा चांगली सावलीत होती. आणि ज्योतिर्लिंगांची ही सहल ठरवली कोणी? यानेच. सोमवारचा उपास चाळीस वर्षं धरणारा तो. औंढ्याच्या दारात येऊन तो पायऱ्या उतरायला तयार नाही, हे मला खटकलं. "वेरूळला गेला होता का हा आत?" असं तलाठ्याला विचारलं. "गेला, पण लेणी नाही बघितली. म्हणाला, आपण लै वेळा बघितलीत."

दुपारी नर्सीच्या वाटेवर एका ओळखीच्यांच्या शेतात हुरडा होता. आगटीभोवती बसून, हातावर चोळलेला गरम हुरडा आणि शेंगदाण्याची चटणी. मधुमेही विचारतात, हुरडा चालतो का? चालतो. पण हुरडा म्हणजे धान्यच आहे, तेव्हा तो जेवणाऐवजी खा, जेवणावर नको. गूळ आणि शेव यांच्यापासून जरा लांब बसा. मास्तर लांब बसला, तलाठी जवळ बसला. तलाठ्याला काही आजार नाही, त्याच्या गोष्टी मात्र संपत नाहीत. शाळेतल्या हेडसरांची नक्कल त्याने अशी केली की शेतमालकाची म्हातारी आईसुद्धा पदर तोंडाला लावून हसत होती. ड्रायव्हरही हसत होता, पण हसता हसता मध्येच थांबून श्वास घ्यायचा. त्याने पाणी घेतलं नाही, चहाही नाही.

नर्सी नामदेव हे संत नामदेवांचं जन्मगाव मानलं जातं, कयाधू नदीच्या काठचं. गुरु ग्रंथसाहिबात नामदेवांची एकसष्ट पदं असल्यामुळे इथे पंजाबातूनही भाविक येतात. औंढ्याची गर्दी इथे नसते. तिथे आम्ही निवांत होतो, कुठे पोहोचायची घाई नव्हती. मंदिराबाहेरच्या नळावर पाय धुवायला ड्रायव्हरने बूट-मोजे काढले आणि मला त्याचे घोटे दिसले. मोज्याच्या रबराचा वण बोटभर खोल. नडगीवर अंगठ्याने दाबून धरलं, तर अंगठा काढल्यावर खळगा तसाच राहिला. दोन्ही पायांना.

मग मी त्याला पायरीवर बसवून प्रश्न विचारले. उत्तरं तो तलाठ्याकडे आणि मास्तरकडे बघत, हळू आवाजात देत होता. किती उशा घेऊन झोपतोस? "दोन. काल तर लॉजवर भिंतीला टेकूनच झोपलो." खोकला? "रात्री येतो, आडवं झालं की." लघवीची गोळी चालू होती ना तुझी? थोडा वेळ गप्प. "निघाल्यापासून घेतली नाही. घेतली की तासा-तासाला थांबावं लागतं. यांच्या सहलीची वाट कशाला लावू?"

पाच दिवस. पाणीही त्यासाठीच कमी पीत होता.

तुमच्या घरात कोणाला फुरोसेमाइड किंवा टोर्सेमाइड चालू असेल, तर पुढचं जरा नीट वाचा. हृदयाचा पंप कमजोर झाला की शरीर पाणी साठवून ठेवतं. ते आधी पायांत उतरतं, मग फुप्फुसात. ही गोळी ते पाणी लघवीवाटे बाहेर काढते. ती बंद केली म्हणून पहिल्या दिवशी काही होत नाही, आणि फसगत होते ती तिथेच. पाणी हळूहळू भरत जातं. त्यात बाहेरचं जेवण, पापड, लोणचं, फरसाण. मीठ पाण्याला धरून ठेवतं. आणि मोटारीच्या प्रवासात हे सगळं लपून राहतं, कारण बसल्या जागी माणसाला दम लागतच नाही. ड्रायव्हर स्टिअरिंगवर दिवसभर ठणठणीत दिसत होता. दम लागतो तो दहा पायऱ्या चढताना, म्हणून तो पायऱ्यांकडे जातच नव्हता. "मी गाडीपाशी थांबतो", "आपण बघितलंय", "तुम्ही फोटो काढा" असं कोणी वारंवार म्हणायला लागलं तर त्याला आळशी समजू नका.

गोळी घेऊन प्रवास करता येतो. तिचा जोर पहिले चार-सहा तास असतो. म्हणून सकाळी गाडीत असणार असाल, तर मुक्कामी पोहोचल्यावर दुपारी तीन-चारला घेता येईल का, हे डॉक्टरांना निघण्यापूर्वीच विचारा. बहुतेकांना ते चालतं. रात्री नको, झोपेचं खोबरं होईल. गोळी पुढे ढकलणं आणि बंद करणं यांत फार फरक आहे. सूज दोन्ही पायांना सारखी असेल तर कारण बसून राहणं, हृदय, मूत्रपिंड किंवा बीपीची अम्लोडिपिनसारखी गोळी यांपैकी काहीही असू शकतं. एकाच पोटरीला सूज आणि दुखणं असेल तर शिरेत रक्ताची गुठळी झाली असण्याची शक्यता असते. तिथे चोळायचं नाही, शेकायचं नाही, त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. जागतिक आरोग्य संघटनेने २००७ साली जाहीर केलं होतं की चार तासांहून जास्त बसून केलेल्या प्रवासाने अशा गुठळीची शक्यता सुमारे दुप्पट होते, मग विमान असो की मोटार. मूळ शक्यता लहानच असते, घाबरू नका. दोन तासांनी उतरा, चार पावलं चाला, बसल्या बसल्या पावलं वर-खाली करत राहा.

संध्याकाळी इसापूर धरणावर सूर्यास्त बघायचा बेत होता. पैनगंगेवरचा तो जलाशय मावळतीला फार सुंदर दिसतो. तो बेत रद्द केला. तलाठ्याने किल्ली मागितली, ड्रायव्हरने दिली नाही. मास्तर त्याच्याजवळ गेला आणि म्हणाला, "मला आज सगळ्यांसमोर साखरेचं पाणी पाजलं रे. माझी काय इज्जत गेली? दे इकडे." त्याने किल्ली दिली. येताना तो मागच्या सीटवर माझ्याशेजारी बसला होता. हिंगोली ओलांडल्यावर म्हणाला, "डेपोत बी कोणाला सांगितलं नव्हतं. ड्रायव्हरला हार्टचं आहे म्हटल्यावर गाडी कोण देतं?"

दवाखान्यात वजन केलं. त्याच्याजवळच्या जुन्या कागदावर एकाहत्तर किलो होतं, आता चौऱ्याहत्तर. वजन दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढलं तर ती चरबी नसते, पाणी असतं. घरी वजनकाटा असेल तर हृदयाच्या रुग्णाने रोज सकाळी लघवीला जाऊन आल्यावर वजन वहीत लिहावं. ईसीजीत नवीन झटक्याची खूण नव्हती, ऑक्सिजन ठीक होता. इंजेक्शन दिलं, रात्रभर माझ्याकडेच ठेवलं. मास्तर आणि तलाठी घरी झोपायला गेले नाहीत, बाहेरच्या बाकावर बसून राहिले. पहाटे तीनला मी बघायला आलो तेव्हा ड्रायव्हर एका उशीवर सपाट झोपला होता आणि हे दोघं बाकावर बसल्या बसल्या.

सोमवारी नांदेडला पाठवून टूडी इको करून घेतला. हृदयाचं पंपिंग ४० टक्के निघालं. ते साधारण पंचावन्नच्या वर असावं लागतं. तिथल्या हृदयरोगतज्ज्ञांनी दोन औषधं वाढवली. बुधवारपर्यंत वजन पुन्हा एकाहत्तरवर आलं आणि तिघं गुरुद्वाऱ्यात माथा टेकवून पुण्याला परतले. परळी राहून गेली.

ती त्यांनी महाशिवरात्रीची गर्दी ओसरल्यावर केली. जाताना एक मुक्काम पुन्हा माझ्याकडे होता. ड्रायव्हरला तपासून मी औंढ्याच्या पायऱ्यांना परवानगी दिली, मात्र गर्दी नसलेल्या वारी आणि सावकाश. तो उतरला, दर्शन घेतलं, मध्ये दोनदा थांबून वर आला. आता गाडी तलाठी चालवतो आणि ड्रायव्हर शेजारी बसून त्याला गिअर कधी बदलायचा ते सांगतो. "साहेब, क्लच जळायलाय," असं दर पाच मिनिटांनी. गोळी तो दुपारी चारला घेतो. गाडी दर दोन तासांनी थांबते आणि आधी मास्तर उतरतो, लघवी आलेली असो नसो.